‘विमा आहे’ म्हणजे काय आहे ?

घरांत कोणी आजारी पडलें आणि इस्पितळांत न्यावें लागेल असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे मंडळींच्या तोंडून पहिलें वाक्य निघतें तें ‘विमा आहे ना ?’ हें होय. ‘आहे’ असें उत्तर मिळालें कीं निम्मी काळजी तेथल्या तेथें उतरते. पूर्वीं हेंच समाधान गांवांत आपल्या ओळखीचा एखादा डॉक्टर आहे, किंवा पेढींत चार पैसे शिल्लक आहेत, एवढ्यानें होत असे. आतां ती जागा विम्यानें घेतली आहे. परंतु हा जो विमा ‘आहे’, तो नेमका कोणासाठीं आहे, किती आहे आणि केव्हां नाहीं, हें विचारलें तर सुशिक्षित घरांतूनहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येते. आमच्या घरांत ती आली. आणि घरांतील वडील माणूस या नात्यानें तो दोष प्रथम आमचा होता, हें कबूल करूनच आम्ही हा लेख लिहीत आहों.

आमचें घर साताऱ्याचें. आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांची पत्नी, दोन्ही घरचीं मुलें, सुना, नातवंडें, आणि आमच्या वडील भगिनी, ज्यांना आम्ही अक्का म्हणतों व मुलें आत्या म्हणतात, अशीं सर्व एका चुलीवर जेवणारीं माणसें. अक्कांचे यजमान फार पूर्वीं वारले. तेव्हांपासून त्या येथेंच आहेत. घरांतलीं दोन्ही पिढ्यांचीं मुलें त्यांच्याच मांडीवर वाढलीं. २०२३ सालच्या अधिक श्रावणांत न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचें हाड मोडलें. थोरल्या मुलानें गाडी काढली, कपाटांतून विम्याचे कागद घेतले आणि आम्ही इस्पितळ गांठलें. भरतीच्या खिडकीशीं बसलेल्या मुलीनें ते कागद चाळले, संगणकावर कांहीं पाहिलें, आणि अगदीं शांतपणें विचारलें, “आजींचें नांव यांत कुठें आहे ?”

नांव नव्हतें. पांच लाखांच्या त्या पॉलिसींत आमचा मुलगा, सूनबाई, त्यांचीं दोन मुलें आणि आम्ही उभयतां, अशीं सहा नांवें होतीं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या अक्कांनीं हें ऐकलें. त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, माझें नांव घालायचें राहिलें का रे ?” आम्हीं “हो, राहिलें” असें उत्तर दिलें. खरी गोष्ट अशी कीं, तें राहिलें नव्हतें. तें त्या पॉलिसींत घालतांच येत नव्हतें. पण हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें. बिल दोन लाख चाळीस हजारांचें झालें. घरांत होते तेवढे पैसे काढले, कमी पडले ते अक्कांनीं आपल्या पाटल्या मोडून दिले. सर्वांनीं नको म्हटलें, पण त्यांनीं ऐकलें नाहीं.

त्या घरीं येऊन वॉकर धरून चालूं लागल्या, तेव्हां आम्हीं ती पॉलिसी प्रथमच वाचावयास घेतली. अकरा वर्षें तिचा हप्ता आम्ही भरीत होतों. जन्मपत्रिका आणि सात-बाराचे उतारे ज्या पत्र्याच्या पेटींत असतात तींत ती ठेवीत होतों. वाचली मात्र कधीं नव्हती. तें बारीक टाइपाचें एक इंग्रजी पुस्तकच आहे. कोश जवळ घेऊन चार दुपारा त्यांत घालविल्या, आणि व्याकरण शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसाला त्याची रचना पाहून मोठें नवल वाटलें. पाणिनीच्या शास्त्रांत ‘वृद्धि’ म्हणजे वाढ नव्हे. आ, ऐ, औ या तीन स्वरांचें तें नांव आहे. ‘गुण’ म्हणजे अ, ए, ओ. ज्यानें आधीं संज्ञा पाठ केल्या नाहींत त्यानें पुढचीं सूत्रें उघडूं नयेत. नाहींतर प्रत्येक ओळीचा अर्थ आपणांस लागला असें त्याला वाटेल, आणि तो अर्थ चुकीचा असेल. विम्याच्या पॉलिसीची गत अगदीं अशीच आहे. शब्द रोजच्या बोलण्यांतले दिसतात, पण प्रत्येकाचा अर्थ आरंभींच्या पानांवर बांधून टाकलेला असतो, आणि पुढें तोच चालतो.

‘कुटुंब’ हा शब्द घ्या. आमच्या पॉलिसींत कुटुंब म्हणजे विमेदार, त्याची पत्नी अथवा पति, त्यांच्यावर अवलंबून असलेलीं मुलें, आणि आईबाप. जिनें विमेदाराला कडेवर घेऊन वाढविलें ती आत्या या कुटुंबांत नाहीं. एका पंगतीला बसणारे काका नाहींत, काकू नाहींत, चुलत भाऊ नाहीं. नैयायिक ज्याला अव्याप्ति म्हणतात, म्हणजे ज्याला लक्षण लागावयास हवें त्याला तें न लागणें, तो दोष येथें दोष म्हणून राहिलेला नसून मुद्दाम ठेवलेला आहे. कांहीं कंपन्या याहून दूरच्या नात्यांना सामावून घेणाऱ्या पॉलिसी विकतात. पण त्या मागून घ्याव्या लागतात, आणि आपण ‘कुटुंबाचा विमा’ एवढेंच म्हणून सही करतों. शिवाय अशा पॉलिसींतली रक्कम माणशीं नसते. पांच लाख म्हणजे सहाजणांना मिळून वर्षाला पांच लाख. एकानें चार वापरले तर उरलेल्या पांचांना एक.

‘भरती’ म्हणजे सलग चोवीस तास. रात्रीं छातींत कळ आली, इस्पितळांत नेलें, तपासण्या झाल्या, आणि सकाळीं सातला घरीं सोडलें, तर ती या अर्थानें भरती नव्हे. मोतीबिंदु, डायलिसिस, केमोथेरपी यांसारख्या चोवीस तासांच्या आंत होणाऱ्या उपचारांची निराळी यादी असते. तीत नसेल तें बाहेर. आणि चोवीस तास राहूनहि केवळ तपासण्याच झाल्या, उपचार असा कांहीं झाला नाहीं, तरी क्लेम नामंजूर होऊं शकतो. ‘उपचार’ या शब्दांतून विश्रांति आणि निव्वळ शुश्रूषा वगळलेली आहे. अक्कांना घरीं आणल्यावर दीड महिना दिवसपाळीची बाई ठेवावी लागली. त्यांचें नांव पॉलिसींत असतें तरी त्या बाईचा पगार, तो वॉकर आणि मोठ्या माणसांचे डायपर हा खर्च आमच्याच पदरीं आला असता. विम्यांतून न मिळणाऱ्या अशा वस्तूंची नियामक प्राधिकरणानें केलेली एक यादीच आहे. तीत अडुसष्ट बाबी आहेत, आणि हातमोज्यांपासून क्रेप बँडेजपर्यंत सर्व कांहीं आहे.

यापुढचा भाग उत्सर्ग आणि अपवाद यांचा. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘पांच लाख’ लिहिलें असतें तो उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम. उरलेलीं पानें अपवादांचीं. आणि शास्त्रांत काय, विम्यांत काय, अपवाद उत्सर्गाला बाधतो. पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीस दिवस अपघाताखेरीज कशालाहि पैसे मिळत नाहींत. मोतीबिंदु, हर्निया, पित्ताशयांतले खडे, मूळव्याध, गुडघे बदलणें यांना साधारणतः दोन वर्षें थांबावें लागतें. पॉलिसी घेण्यापूर्वींच जडलेल्या आजाराला जास्तींत जास्त तीन वर्षें. ही मर्यादा पूर्वीं चार वर्षांची होती, ती २०२४ सालीं खालीं आणली. अपघाताला मात्र तीस दिवसांचें बंधन नाहीं. अक्कांची स्वतंत्र पॉलिसी आदल्या आठवड्यांत निघाली असती, तरी मोडलेल्या हाडाला ती उपयोगीं पडली असती. हें वाक्य वाचून आम्ही पुस्तक मिटलें आणि त्या दिवशीं पुढें वाचलें नाहीं.

पूर्वींच्या आजाराबद्दल आपल्या लोकांत एक गोड समजूत आहे. ‘मला मधुमेह नाहीं, थोडी साखर आहे.’ ‘रक्तदाबाची गोळी घेतों, पण ती अर्धीच.’ विम्याचा अर्ज एजंट भरतो, तो विचारतो, “आजार कांहीं नाहीं ना?” आणि आपण शुभ बोलावें म्हणून ‘नाहीं’ म्हणतों. तेंच ‘नाहीं’ पुढें इस्पितळाच्या केसपेपरावरच्या ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ या ओळीला जाऊन भिडतें, आणि क्लेम फेटाळला जातो. पॉलिसी सलग साठ महिने चालल्यावर लबाडी सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला हें कारण पुढें करतां येत नाहीं, अशी २०२४ पासूनची तरतूद आहे. पूर्वीं त्यासाठीं आठ वर्षें लागत. पण साठ महिने देवावर हवाला ठेवून काढण्यापेक्षां अर्ध्या गोळीचा उल्लेख करणें सोपें.

वाचन संपल्यावर आमच्यांतला शिक्षक जागा झाला. एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर घरांतील आठ मोठ्या माणसांना आम्हीं कोरे कागद वांटले आणि पांच प्रश्न घातले. घरांतल्या पॉलिसी किती रकमेच्या. कोणत्या पॉलिसींत कोणाचीं नांवें. ठरल्यापेक्षां दुप्पट भाड्याची खोली घेतली तर काय कापलें जाईल. मोतीबिंदूला जास्तींत जास्त किती मिळेल. आणि एक रात्र ठेवून सकाळीं सोडलें तर काय मिळेल. आमच्या सौभाग्यवतींनीं पेपर कोराच दिला. हप्ते ज्यांनीं भरले त्यांनींच तो सोडवावा असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि तें अगदींच खोटें नव्हतें. उरलेल्या सातांना पहिलें उत्तर बरोबर आलें. दुसऱ्यापासून पडझड सुरू झाली. धाकटी सून इंजिनियर आहे. तिला स्वतःच्या कंपनीच्या पॉलिसींत सासूसासरे आहेत कीं आईबाप आहेत हें सांगतां येईना. आणि नोकरी सुटली कीं ती पॉलिसीहि सुटते, हें तिच्या ध्यानांत आलेलें नव्हतें. थोरल्या सूनबाईंना मात्र पांचांपैकीं चार गुण पडले. त्यांच्या वडिलांच्या आजारपणांत तीन महिने त्या बिलांच्या मागें हिंडल्या होत्या. त्यांचा अभ्यास तेथें झाला. आमचे स्वतःचे गुण कोणी विचारले, तर अक्का पडण्यापूर्वींच्या दिवशीं एकच पडला असता.

ही कांहीं आपल्याच लोकांची मंदबुद्धि नव्हे. अमेरिकेंत कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं एक संशोधन प्रसिद्ध केलें. विमा उतरलेल्या लोकांना त्यांनीं आरोग्यविम्याच्या चार मूळ कल्पनांवर चार सोपे प्रश्न घातले. उत्तरांचे पर्यायहि पुढें छापून दिले. चारहि उत्तरें बरोबर देणारे शंभरांत चौदा निघाले. ज्या देशांत विम्यावांचून डॉक्टरांचें दार उघडणें कठीण, तेथली ही कथा.

आमच्या परीक्षेंत सर्वांत मोठा गोंधळ झाला तो तिसऱ्या प्रश्नावर, आणि त्यामागें घरांतला एक जुना वाद होता. धाकट्या बंधूंची पॉलिसी निराळी, तीन लाखांची. २०२२ सालीं पुण्याच्या एका इस्पितळांत त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. वहिनींना रात्रीं पाठ टेकावयास जागा हवी म्हणून दिवसाला सहा हजारांची खोली घेतली. पॉलिसींत खोलीच्या भाड्याला रकमेच्या शेंकडा एक, म्हणजे तीन हजार, अशी मर्यादा होती आणि ती त्यांच्या मुलाला माहीतहि होती. आमचा हा पुतण्या चार्टर्ड अकाउंटंट आहे. त्यानें हिशेब केला : पांच दिवसांचे तीन-तीन हजार जादा, म्हणजे पंधरा हजार आपले, हातमोजे वगैरेचे आठ हजार आपले, बाकीचें विमा देईल. प्रत्यक्षांत त्र्याऐंशी हजार खिशांतून गेले, आणि कंपनीनें साठ हजार बुडविले असें तो तेव्हांपासून सर्वांना सांगत होता.

फळ्यावर खडूनें मांडावें तसें तें बिल आम्हीं त्या रविवारीं मांडलें. आंकडे सोयीसाठीं पूर्ण केले आहेत. खोली तीस हजार. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, परिचारिका हे सर्व मिळून एक लाख वीस हजार. औषधें व तपासण्या पन्नास हजार. किरकोळ वस्तु आठ हजार. एकूण दोन लाख आठ हजार. आतां गोम अशी आहे कीं, बहुतेक मोठ्या इस्पितळांतून खोली महाग घेतली कीं तीच शस्त्रक्रिया, त्याच डॉक्टरांची, महाग होते. म्हणून पॉलिसी म्हणते, तुम्हांला तीन हजारांच्या खोलीचा अधिकार होता आणि तुम्ही सहा हजारांची घेतली. तेव्हां खोलीला जडलेल्या सर्व खर्चाचाहि तेवढाच अंश मिळेल. तीनास सहा, म्हणजे निम्मा. हें आपलें शाळेंतलें त्रैराशिक. खोलीचे पंधरा हजार मिळाले, त्या एक लाख वीस हजारांचे साठ हजार मिळाले, औषधें व तपासण्या यांचे पन्नास हजार पूर्ण मिळाले. एकूण सव्वा लाख. कंपनीनें बुडविलें नव्हतें. सहीच्या वरच लिहिलें होतें. औषधें, तपासण्या आणि शरीरांत बसविलेलीं साधनें यांना ही कात्री लावूं नये असें प्राधिकरणानें २०२० सालीं ठरविलें, अतिदक्षता विभागाच्या आकारालाहि ती लागत नाहीं, आणि जें इस्पितळ खोलीप्रमाणें दर बदलीत नाहीं तेथें तर ती मुळींच लावतां येत नाहीं. नाहींतर आणखी पंचवीस हजार गेले असते. पुतण्या बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. “काका, खोली बदलली असती तर साठ हजार वांचले असते,” एवढेंच तो म्हणाला.

मोतीबिंदूचें उत्तर एकालाच आलें. रकमेच्या आंत अशा लहान लहान मर्यादा घातलेल्या असतात. प्राधिकरणानें २०२० सालीं सर्व कंपन्यांसाठीं ‘आरोग्य संजीवनी’ नांवाची एकसारखी पॉलिसी घालून दिली, तींत एका डोळ्याच्या मोतीबिंदूला रकमेचा चौथा हिस्सा अथवा चाळीस हजार, यांतील जी कमी ती रक्कम, असें ठरविलें. म्हणजे एक लाखाच्या पॉलिसीला पंचवीस हजार, आणि पांच लाखांच्या पॉलिसीला सव्वा लाख नव्हे, चाळीसच हजार. वर प्रत्येक क्लेमांतले शेंकडा पांच विमेदारानें सोसावयाचे.

लोक वाचीत नाहींत, असा ठपका ठेवणें सोपें आहे. पण हें वाचतां येईल अशा रीतीनें लिहिलें कोणी ? सरकारी चार विमा कंपन्यांनीं १९८६ सालीं ‘मेडिक्लेम’ नांवाची पॉलिसी काढली. वनस्पति तुपाला जसें डालडा, तसें तें नांव आज सर्व आरोग्यविम्याला चिकटलें आहे. इतकीं वर्षें झालीं तरी तिच्या अटी सामान्य मराठी गृहस्थाला कोश घेऊनच वाचाव्या लागतात. एजंट पहिलें पान दाखवितो आणि दिवाळींत कॅलेंडर आणून देतो. १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांनीं मुख्य अटी, मर्यादा, वगळलेल्या गोष्टी आणि थांबण्याचे काळ सोप्या भाषेंत सांगणारें एक माहितीपत्रक प्रत्येक विमेदाराला नव्या नमुन्यांत द्यावयाचें आहे, आणि मागितल्यास तें स्थानिक भाषेंतहि मिळतें. आम्हीं मराठी मागितलें. तीन पत्रांनंतर आलें. मराठी अशी कीं, मूळ इंग्रजी शेजारीं ठेवल्यावांचून अर्थ लागेना. तरीपण खोलीच्या भाड्याची ओळ त्यांत स्पष्ट होती, आणि तेवढ्यावर आम्ही समाधान मानलें.

हें पत्रक हातीं घेऊन सर्वांनीं एकत्र बसून वाचावें, आणि तें पॉलिसी आल्याबरोबर वाचावें. कारण नवी पॉलिसी हातीं पडल्यापासून तीस दिवसांच्या आंत ती परत करतां येते. त्यानंतर हातांत उरतें तें भांडण. भांडण्याजोगें कारण असेल तर पुण्यास विमा लोकपालांचें कार्यालय आहे. तेथें फी नाहीं आणि वकीलहि लागत नाहीं. पण आमच्या बंधूंसारखें प्रकरण घेऊन तेथें गेल्यास प्रवासखर्च तेवढा वाढेल.

आतां अक्कांविषयीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवतां, लागू केली. वर्षाला पांच लाखांपर्यंतचे उपचार, जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून; मात्र घरांत सत्तरीवरचीं दोघें असतील तर तीं त्या पांच लाखांत वांटेकरी. अक्का तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पुतण्यानें त्यांचें कार्ड काढून आणलें आणि मोठ्या आनंदानें त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें चष्मा लावून दोन्हीकडून पाहिलें, नांव बरोबर आहे याची खात्री करून घेतली, आणि त्याला विचारलें, “यांत काय बसत नाहीं तें आधीं सांग.”

त्यानें सांगितलें. योजनेच्या यादींत असलेल्या इस्पितळांतच हें चालतें. भरती न होतां घेतलेल्या औषधांना तें लागत नाहीं; म्हणजे अक्कांच्या रोजच्या चार गोळ्या पूर्वींप्रमाणें घरखर्चांतूनच. अक्कांनीं हें सर्व दोनदां म्हणवून घेतलें, यादींतल्या साताऱ्याच्या इस्पितळांचीं नांवें त्याच्याकडून मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहवून घेतलीं, आणि तो कागद कार्डासह गोळ्यांच्या डब्यांत ठेवला.